लहान रंध्याची निवड

गेल्या पावसाळ्यांतील गोष्ट. आमची कन्या ह्याच शाळेंत आठव्या इयत्तेंत शिकते. तिच्या मनानें घेतलें कीं, शाळेच्या प्रदर्शनांत ठेवण्यासाठीं स्वतःच्या हातांनीं सागवानाची एक लहानशी पेटी करावी, आणि प्रदर्शन संपल्यावर ती आजीस द्यावी. आजीचा चष्मा, सुईदोरा, औषधाच्या गोळ्या आणि चार जुनीं पत्रें हीं नेहमीं चार ठिकाणीं पडलेलीं असतात; तीं एका ठिकाणीं राहावीं असा तिचा हेतु. हेतु स्तुत्य होता. घरांत हत्यारांची वाण नव्हती. कारण आमचे तीर्थरूप धंद्यानें सुतार होते, आणि त्यांची हत्यारांची पेटी माळ्यावर तशीच होती. ते २००९ सालीं वारले. त्यानंतर ती पेटी कोणीं उघडली नव्हती.

कन्येनें फळ्या कापल्या, गुण्या लावून तपासल्या, आणि आजोबांचा मोठा लांकडी रंधा घेऊन ती एका फळीचें कापलेलें टोंक साफ करूं लागली. दोनचार हात बरे गेले. पुढच्या हाताला ‘कट्’ असा आवाज झाला आणि फळीच्या पलीकडच्या कोपऱ्याचा बोटभर लांबीचा तुकडा उडून खालीं पडला. तिनें कांहीं न बोलतां तो उचलला, जागेवर लावून पाहिला, आणि रंधा पेटींत ठेवून दिला. आम्हीं तिला सांगितलें, “हत्यार मोठें, हात लहान, दुसरें काय होणार? ह्या कामाचा लहान रंधा निराळा मिळतो. तो आपण आणूं.” हें आम्हीं मोठ्या जाणतेपणानें सांगितलें खरें, परंतु सुताराचे चिरंजीव असूनहि आमच्या हातांत तोंपर्यंत रंधा कधींच आलेला नव्हता. त्याचें कारण पुढें येईल.

वाचकांपैकीं पुष्कळांनीं रंधा दुरून पाहिला असेल. म्हणून ह्या लहान रंध्याचें वर्म प्रथम सांगतों. लांकूड म्हणजे लांब तंतूंची घट्ट बांधलेली मोळी होय. उसाची मोळी डोळ्यांपुढें आणावी. तिच्या अंगावरून, लांबीच्या दिशेनें, कोयता घसरवला तर साल सहज सुटते. परंतु मोळीच्या टोंकावर, जेथें सगळ्या कांड्यांचीं तोंडें दिसतात तेथें, तोच कोयता चालवावयाचा म्हणजे प्रत्येक कांडें आडवें छेदावें लागतें. हत्याराला धार नसेल किंवा तें फार उभें धरलेलें असेल, तर कांडें छेदलें जात नाहीं. तें दबतें, वांकतें आणि फाटतें. फळीच्या कापलेल्या टोंकाची तीच गोष्ट आहे.

नेहमींच्या रंध्यांत पातें सुमारें ४५ अंशांच्या कोनांत बसविलेलें असतें. पात्याच्या टोंकाला एका बाजूनें घासून जो तिरपा उतार दिलेला असतो, तो अशा रंध्यांत खालच्या अंगास येतो. हा उतार थोडा अधिकउणा असला तरी लांकडाशीं धारेचा कोन ४५ अंशांचाच राहतो. कारण लांकडाची ढलपी पात्याच्या वरच्या सपाट अंगावरून चढते. आडवा छेद सुबक यावा म्हणून हा कोन कमी करावयाचा, तर पातें अधिक निजवावें लागतें. येथें मोठी अडचण उभी राहते. उतार खालीं ठेवून पातें फार निजवलें, तर उताराची मागची कडच लांकडाला टेकते आणि धार अधांतरीं राहते. कारागिरांनीं ह्यावर सोपी युक्ति काढली. त्यांनीं पातें उलथें घातलें. उतार वर आणि सपाट पाठ खालीं. आतां पातें १२ अंशांपर्यंत निजवलें तरी मागें कांहीं टेकत नाहीं. ढलपी उतारावरून चढत असल्यामुळें पात्याच्या बैठकीचा कोन आणि उताराचा कोन ह्यांची बेरीज हाच कापण्याचा कोन होतो. बैठक १२ अंशांची आणि उतार २५ अंशांचा असेल, तर ३७ अंश.

अशा लोखंडी लहान रंध्यांचा मोठा प्रसार अमेरिकेंतून झाला. लेनर्ड बेली नांवाच्या कल्पक कारागिराच्या रंध्यांचे हक्क कनेक्टिकट प्रांतांतील न्यू ब्रिटन येथील स्टॅन्ली कंपनीनें १८६९ सालीं विकत घेतले. पुढें त्या कंपनीनें काढलेल्या लहान रंध्यांपैकीं साडेनऊ आणि साडेसाठ ह्या क्रमांकांचे रंधे इतके रूढ झाले कीं, इतर कारखानदारांनींहि आपल्या मालास तेच क्रमांक दिले. साडेनऊ क्रमांकाच्या रंध्यांत पात्याची बैठक सुमारें २० अंशांची असते, साडेसाठ क्रमांकाच्या रंध्यांत सुमारें १२ अंशांची. दोन्ही वीतभरहि लांब नाहींत. तळहातांत मावतात आणि एका हातानेंहि चालवितां येतात. आमचें काम टोंकांच्या आडव्या छेदाचें असल्यानें आम्हांस अधिक निजलेलें पातें हवें होतें.

एवढी विद्या पुस्तकांतून मिळवून आम्ही कन्येसह बाजारांत गेलों.

पहिल्या दुकानांत नवा, स्वस्त आणि रंगानें झळझळीत असा रंधा मिळाला. आम्हीं जवळची पोलादी पट्टी त्याच्या तळावर आडवी उभी धरली आणि उजेडाकडे करून पाहिलें. मध्यभागीं उजेडाची स्वच्छ फट दिसली. तळ सपाट नसला म्हणजे रंधा लांकडावर डुलतो, आणि ढलपी कोठें जाड तर कोठें नाहींच अशी अवस्था होते. त्याचें तोंडहि, म्हणजे ज्या फटींतून पात्याची धार बाहेर डोकावते ती फट, पुष्कळ रुंद होती आणि कमी करण्याची सोय नव्हती. तोंड अरुंद असलें म्हणजे तळाची पुढची कड लांकडाचे तंतु धारेच्या अगदीं लगत दाबून धरते, आणि तंतूंना उपटून येण्यास अवसर मिळत नाहीं. दुकानदार म्हणाला, “साहेब, चालवाल तसा चालेल.” दारांच्या व खोक्यांच्या कडा मोडण्यास तो खरोखरच चालला असता, आमच्या कामाचा मात्र तो नव्हता.

दुसऱ्या दुकानांत परदेशी रंधा पाहिला. तळ आरशासारखा, पातें जाड, तोंड मळसूत्रानें हवें तेवढें उघडणारें अथवा मिटणारें. त्यांत दोष काढण्यास जागा नव्हती. परंतु किंमत कन्येच्या वर्षाच्या वह्यापुस्तकांच्या खर्चाहून अधिक होती. आम्हीं तो दोन वेळां उचलला आणि दोन वेळां खालीं ठेवला. कन्या म्हणाली, “बाबा, एवढा महाग घेतला तर मला त्याला हात लावायची भीति वाटेल.” तें आम्हांस पटलें. ज्या हत्याराला हात लावण्याची भीति वाटते, तें शिकणाऱ्याच्या काय कामाचें?

एका रविवारीं आम्ही पुण्याच्या जुन्या बाजारांत गेलों. जमिनीवर पसरलेल्या गोणपाटावर कुलुपें, नळाच्या तोट्या आणि घड्याळांचीं पोटें ह्यांच्यामध्यें दोन लहान रंधे गंजून पडले होते. दोन्ही निजल्या पात्याचे होते. त्यांतला कमी गंजलेला आम्हीं हातीं घेतला. कन्येनें तो आमच्या हातून घेऊन उलटा केला, तोंडाच्या कडेवरून नख फिरविलें आणि म्हणाली, “येथें केसासारखी चीर आहे.” आम्हीं चष्मा सारखा करून पाहिलें, तों खरोखरच चीर होती. बीड ठिसूळ असतें. आणि पातें फार निजलेलें असल्यामुळें त्याच्या बैठकीचा तोंडाजवळचा भाग अगदीं पातळ असतो. रंधा एकदां हातून पडला तर तेथेंच तडकतो. गंज घासून जातो, चीर घासून जात नाहीं. म्हणून अधिक गंजलेला, पण अखंड असा दुसरा रंधा आम्हीं घेतला. त्याचीं मळसूत्रें फिरत होतीं, तळाचा पुढचा तुकडा ठोकल्यावर सरकत होता, आणि पात्याची लांबी अजून पुष्कळ शिल्लक होती. घासाघीस होऊन साडेसहाशें रुपयांस सौदा झाला.

घरीं आल्यावर त्याचे सर्व भाग सुटे करून रॉकेलांत बुडविले. दुसऱ्या दिवशीं जाड कांचेवर कांचकागद चिकटवून तळ घासावयास घेतला. ह्या वेळीं पातें आंत ओढून, पण नेहमींसारखें आवळूनच ठेवावें लागतें. कारण आवळल्यानें बीडाचा आकार किंचित् बदलतो, आणि ज्या स्थितींत तो काम करणार त्याच स्थितींत तो सपाट झाला पाहिजे. तळावर शिसपेन्सिलीनें रेघा ओढाव्या आणि त्या सर्व पुसल्या जाईपर्यंत घासावें. कन्येनें आणि आम्हीं आळीपाळीनें दोन संध्याकाळ घासलें.

मग पातें. त्यासाठीं तीर्थरूपांच्या पेटींतील धारेचा दगड बाहेर काढला. एका जुन्या धोतराच्या फडक्यांत तो गुंडाळलेला होता आणि फडक्याला अजून तेलाचा वास येत होता. तो वास नाकाशीं येतांच आम्हांस १९७८ सालचा जून महिना आठवला; आणि जें कारण सांगावयाचें म्हणून मघाशीं ठेविलें, तें आतां सांगितलें पाहिजे.

त्या वर्षीं आम्ही ह्याच शाळेंत आठवींत होतों. पहिल्या पावसानें दारें फुगून बसेनाशीं झालीं होतीं, आणि तीं तासून देण्याचें काम तीर्थरूपांना मिळालें होतें. मधल्या सुटींत आम्ही चार मित्र पडवींतून चाललों होतों. तीर्थरूप आमच्याच वर्गाचें दार आडवें टाकून त्याच्यावर रंधा मारीत होते. कानावर पेन्सिल होती, अंगावर भुसा होता. एका मित्रानें विचारलें, “हे तुमच्या घराजवळ राहतात ना?” आम्हीं “होय” म्हटलें आणि पुढें गेलों. तीर्थरूपांनीं मान वर केली नाहीं. मात्र रंध्याचा आवाज क्षणभर थांबला. संध्याकाळीं नेहमींप्रमाणें त्यांनीं आम्हांस जेवावयास हांक मारली. त्या गोष्टीचा उच्चार त्यांनीं त्या दिवशीं केला नाहीं, आणि पुढेंहि केला नाहीं. परंतु त्यापूर्वीं ते आम्हांस सुटीच्या दिवशीं “ये, हें धर, तें कर,” असें म्हणत, तें त्या दिवसापासून बंद झालें. आम्हींहि आपण होऊन कधीं विचारलें नाहीं. आम्ही शिकलों, कचेरींत लागलों, आणि हत्यारांची पेटी माळ्यावर गेली.

असो. पात्याची पाठ आम्हीं दगडावर घासून सपाट केली. कारण उतार कितीहि चांगला घासला आणि पाठ खडबडीत राहिली, तर धार करवतीसारखी होते. मग २५ अंशांच्या कोनांत उतार घासला. पलीकडच्या अंगास बारीक तारेसारखी उलटलेली कड बोटाला लागूं लागली, म्हणजे धारेपर्यंत घासलें गेलें असें समजावें. आणि पाठ एकदां दगडावर फिरवून ती कड काढून टाकावी. शेवटीं पात्यानें हातावरची लव निघाली, तेव्हां आम्हां दोघांस फार आनंद झाला. रंधा जुळविला, तोंड केसभर उघडें ठेविलें, आणि नव्या फळीचें टोंक वर करून ती पकडींत आवळली. कन्येला धीर यावा म्हणून पहिला हात आम्हींच चालविला. रेशमासारखी ढलपी निघाली. दुसरा हात, तिसरा हात. आणि मग ‘कट्’! पलीकडचा कोपरा उडाला. अगदीं पहिल्यासारखाच.

आम्ही रंध्याकडे पाहत राहिलों. तीन बाजार फिरलों, अंशांच्या बेरजा केल्या, दोन दिवस तळ घासला. आणि फळ तेंच! तेवढ्यांत मातोश्री, ज्या खिडकीशीं तांदूळ निवडीत बसल्या होत्या, त्या तिकडूनच म्हणाल्या, “एका बाजूनें थेट पलीकडे कां जातोस? ह्यांच्या हातून असा कोपरा गेलेला मीं कधीं पाहिला नाहीं. ते ह्या टोंकापासून मध्यापर्यंत येत, मग फळी फिरवून त्या टोंकापासून मध्यापर्यंत. आणि फळी अगदीं अरुंद असली, तर पलीकडून एक टाकाऊ लांकूड लावून मला घट्ट धरावयास सांगत. फार कडक असलें तर टोंकाला पाण्याचा हात लावीत.” आम्हीं विचारलें, “हें तूं मला पूर्वीं कधीं सांगितलें नाहींस?” त्या म्हणाल्या, “तूं कधीं फळी धरलीस?”

ह्यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

मातोश्रींनीं सांगितलें त्याचें कारण नंतर आमच्या ध्यानांत आलें. फळीच्या शेवटच्या कांठावरील तंतूंच्या पाठीशीं आधार असा कांहीं नसतो. मोळीच्या बाहेरच्या कांड्याला आंतून ढकललें तर तें सुटून पडणारच. पातें निजलेलें असो कीं उभें, रंधा साडेसहाशांचा असो कीं साठ हजारांचा, ढकलणारा हात कांठापलीकडे गेला कीं कोपरा जावयाचाच. निजल्या पात्याला जोर कमी लागतो, छेद गुळगुळीत येतो, आणि लहान हाताला रंधा आवरतो. हे त्याचे गुण खरे आहेत, आणि त्यासाठीं तो अवश्य निवडावा. परंतु कन्येची फळी फुटली ती हत्यार मोठें होतें म्हणून नव्हे, तर आम्हीं तिला शिकवावयाचें तें आम्हांसच ठाऊक नव्हतें म्हणून. आणि ठाऊक नव्हतें तें कोणीं लपवून ठेविलें होतें म्हणूनहि नव्हे.

त्यानंतर पेटीचें काम सुरळीत चाललें. रंधा कन्येच्या हातीं होता, आणि टाकाऊ लांकूड धरण्याचें काम आमच्याकडे होतें. रंधा मारतांना बोट धारेशीं कधीं येऊं नये, एवढें मात्र आम्हीं तिला बजावीत होतों. झांकणासाठीं तिनें शिसवाची एक पट्टी निवडली होती. तिचे तंतु कोठें इकडे तर कोठें तिकडे वळलेले होते, आणि ३७ अंशांच्या धारेनें ते उपटून येऊं लागले. तेव्हां ह्या उलथ्या पात्याचा आणखी एक गुण आमच्या प्रत्ययास आला. नेहमींच्या रंध्यांत कापण्याचा कोन कारखानदारानें एकदां ठरविला कीं तो सहसा तसाच राहतो. ह्या रंध्यांत उतार वर असल्यामुळें तो कोन धार लावणाऱ्याच्या हातीं असतो. आम्हीं एक जुनें पातें पैदा करून त्याला ३८ अंशांचा उतार दिला. १२ मिळविल्यावर ५० अंश झाले, आणि तेंच शिसव निमूटपणें गुळगुळीत झालें. एकाच रंध्याचे दोन स्वभाव, आणि ते दोन्ही दगडावर ठरतात! बाजारांत आपण हत्यार निवडलें असें वाटतें. खरी निवड घरीं, धार लावतांना, पुन्हां पुन्हां करावी लागते.

ज्या विद्यार्थ्यांना असा रंधा घ्यावयाचा असेल, त्यांनीं इतकें पाहावें: तोंडाजवळ चीर नसावी, तळ सपाट असावा किंवा घासून होण्याजोगा असावा, तोंड कमीजास्त करतां यावें, पातें निघावें आणि त्याची लांबी पुरेशी असावी, आणि तो स्वतःच्या मुठींत धरून पाहावा, वडिलांच्या नव्हे. रंग, चकाकी आणि डबी ह्यांस महत्त्व देऊं नये. आणि पालकांस आमची एवढीच विनंति आहे कीं, मुलांस हत्यार आणून देण्यापूर्वीं, घरांत किंवा आळींत तें चालविणारें एखादें माणूस आहे काय, ह्याची चौकशी करावी. असेल तर प्रथम मुलाला त्याच्याजवळ बसवावें, आणि त्याची फळी धरावयास सांगावें. तें माणूस नेहमीं बोलून दाखवीलच असें नाहीं.

पेटी प्रदर्शनांत मांडली गेली आणि परत घरीं आली. तिच्या मागच्या अंगास बोटभर लांबीचा एक सांधा दिसतो. तो पहिल्या दिवशीं उडालेला कोपरा आहे. कन्येनें तो तुकडा जपून ठेविला होता व सरसानें जागच्या जागीं बसविला. झांकणाच्या आंतल्या बाजूस तिनें आजोबांचें नांव कोरलें आहे. खालीं आपलें कोरावें कीं काय ह्याविषयीं तिनें आमचा सल्ला विचारला. आम्हीं म्हटलें, अवश्य कोर. मग ती म्हणाली, “आणि बाबा, तुमचें?” आम्हीं तिला सांगितलें कीं, आमचें नांव तूर्त राहूं दे, आम्ही अजून फळीच धरीत आहों.